हेलपाटे आणि ओझे

पतसंस्थेच्या शाखेत वसुली अधिकाऱ्याला रोज सकाळी एक यादी लागते, असे धरू. पन्नास कर्जदार सभासद. प्रत्येकाचे नाव, गाव आणि किती हप्ते थकले त्याचा आकडा. यादी तयार करणारा कोड चार ओळींचा. शाखेतले कर्जदार सभासद आणा, त्यांच्यावर लूप लावा, प्रत्येकाचे नाव छापा आणि ‘सभासद.हप्ते’ असे लिहून त्यातले न भरलेले मोजा. नवशिक्यालाही वाचता यावा इतका सरळ.

आता डेटाबेसचा क्वेरी लॉग उघडून बघा. पहिली ओळ: शाखा क्रमांक ३ चे कर्जदार सभासद द्या. दुसरी: सभासद क्रमांक १०१७ चे हप्ते द्या. तिसरी: सभासद क्रमांक १०२२ चे हप्ते द्या. चौथी: सभासद क्रमांक १०३१ चे हप्ते द्या. अशा पन्नास ओळी, फक्त क्रमांक बदललेला. कोड वाचताना डेटाबेसची गाठ एकदाच पडते. प्रत्यक्षात डेटाबेसकडे एकावन्न हेलपाटे झालेले असतात. यादीत दोनशे सभासद आले की दोनशे एक. प्रोग्रॅमर मंडळी या दुखण्याला ‘एन प्लस वन’ म्हणतात: एक क्वेरी यादीची, आणि यादीतल्या ‘एन’ जणांसाठी आणखी ‘एन’ क्वेऱ्या.

गंमत अशी की या एकावन्नपैकी एकही क्वेरी वाईट नाही. इंडेक्स जागेवर असेल तर प्रत्येक क्वेरी मिलिसेकंदाच्या आत उरकते. रेंगाळणाऱ्या क्वेऱ्यांची वेगळी नोंद ठेवण्याची सोय डेटाबेसमध्ये असते, पण त्या नोंदीत यातली एकही सापडत नाही. डेटाबेस सांभाळणारा म्हणतो, माझ्याकडे सगळे ठीक आहे. पान मात्र उघडता उघडत नाही.

हे का होते आणि त्यावर काय करता येते, ते या प्रकरणात पाहू.

टेबले आणि ऑब्जेक्ट

जून १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात एडगर कॉड यांचा शोधनिबंध छापून आला. कॉड तेव्हा आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते. तोवरच्या डेटाबेसमध्ये माहिती शोधायची म्हणजे एका नोंदीतल्या खुणेवरून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे असे वाट काढत जावे लागे, आणि कोणत्या वाटेने जायचे हे प्रोग्रॅमरनेच ठरवायचे. कॉड यांची मांडणी वेगळी होती. सगळी माहिती टेबलांमध्ये ठेवा, दोन टेबलांमधले नाते दोन्हीकडच्या सारख्या मूल्यांनी दाखवा, आणि तुम्हाला काय हवे तेवढेच सांगा. ते कसे शोधायचे हे डेटाबेस बघेल. यातून पुढे एसक्यूएल ही भाषा आली. ती एकेका नोंदीची विचारपूस करण्यासाठी बनलेलीच नाही. ‘या शाखेतल्या सगळ्या सभासदांचे सगळे थकीत हप्ते’ असा संचच्या संच मागणे हा तिचा स्वभाव.

जुन्या पद्धतीला वकील नव्हते असे नाही. १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना चार्ल्स बाकमन यांनी दिलेल्या व्याख्यानाचे नावच ‘द प्रोग्रॅमर ॲज नॅव्हिगेटर’ असे होते. नोंदींच्या जाळ्यातून वाट काढत जाणारा प्रोग्रॅमर हे त्यांच्या डोळ्यांसमोरचे चित्र होते. बाजारात शेवटी कॉड यांची टेबले जिंकली.

दुसरीकडे प्रोग्रॅमिंगच्या भाषा वेगळ्याच दिशेने चालल्या होत्या. ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी सिम्युला ६७ तयार केली आणि तिच्यातून ऑब्जेक्ट ही कल्पना रुजली. स्मॉलटॉक, सी प्लस प्लस, जावा यांनी ती घरोघरी पोचवली. इथे सभासद हा एक ऑब्जेक्ट. त्याच्या हातात कर्जाचा ऑब्जेक्ट, कर्जाच्या हातात हप्त्यांचे ऑब्जेक्ट. एकाकडून दुसऱ्याकडे टिंब देत जायचे: सभासद.कर्ज.हप्ते. म्हणजे डेटाबेसमधून हद्दपार झालेली वाट काढत जाण्याची पद्धत प्रोग्रॅमच्या भाषेत जशीच्या तशी शाबूत होती.

या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी साधने म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगची साधने, थोडक्यात ओआरएम. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये जावासाठी हायबरनेट सुरू केले. २००४ मध्ये रुबी ऑन रेल्ससोबत ॲक्टिव्ह रेकॉर्ड आले. २००५ मध्ये जॅंगो खुले झाले. ते कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घडले होते. २००६ मध्ये माइक बायर यांचे एसक्यूएलअल्केमी आले. टेबलातली एक ओळ घेऊन तिचा ऑब्जेक्ट बनवायचा, ऑब्जेक्टमध्ये बदल झाला की तो टेबलात नेऊन लिहायचा, हे कंटाळवाणे काम या साधनांनी अंगावर घेतले. त्याच २००६ मध्ये टेड न्यूअर्ड यांनी एका गाजलेल्या लेखात ओआरएमला संगणकशास्त्राचे व्हिएतनाम म्हटले: सुरुवातीला सहज यश, आणि पुढे पाय काढता येत नाही अशी अवस्था. तरीही ही साधने टिकली, कारण त्यांनी वाचवलेले श्रम खरे आहेत. तक्रार आहे ती त्यांनी झाकलेल्या खर्चाबद्दल.

आळशी टिंब

‘सभासद’ हा ऑब्जेक्ट आणला तेव्हा त्याचे हप्तेही सोबत आणायचे का? हो म्हटले तर हप्त्यांसोबत त्यांच्या पावत्या, पावत्यांसोबत त्या फाडणारे कर्मचारी, कर्मचाऱ्यांसोबत त्यांच्या शाखा, असे करत एका सभासदापायी निम्मी पतसंस्था मेमरीत येईल. म्हणून बहुतेक साधनांनी मधला मार्ग काढला. हप्त्यांच्या जागी नुसती एक खूण ठेवायची. कोडने त्या खुणेला हात लावला की त्या क्षणी डेटाबेसकडे जायचे. याला लेझी लोडिंग म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी २००२ च्या आपल्या ‘पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइज ॲप्लिकेशन आर्किटेक्चर’ या पुस्तकात या युक्तीला रीतसर जागा दिली आणि लगेच तिचा धोकाही सांगितला. लूपमध्ये ती वापरली तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा डेटाबेसकडे जाणे होते. फाउलर यांनी त्याला ‘रिपल लोडिंग’ असे नाव दिले.

एकाच सभासदाचे खाते उघडून बघायचे असेल तर लेझी लोडिंगइतकी चांगली सोय नाही. अडचण येते ती ऑब्जेक्टला शेजारचे दिसत नसल्यामुळे. सभासद १०१७ ला ठाऊक नसते की आपण पन्नास जणांच्या यादीतले आहोत आणि आपल्या पाठोपाठ आणखी एकोणपन्नास जण हेच मागणार आहेत. तो आपल्यापुरते मागून मोकळा होतो.

एका हेलपाट्याची किंमत किती? प्रोग्रॅम आणि डेटाबेस एकाच डेटा सेंटरमध्ये असतील तर जाऊन यायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो. एकावन्न हेलपाट्यांचे झाले पंचवीस मिलिसेकंद; कोणाच्या लक्षातही येणार नाही. आता प्रोग्रॅम मुंबईत आणि डेटाबेस सिंगापूरला आहे असे धरा. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर; जाऊन-येऊन ७,८००. म्हणजे केबल अगदी नाकासमोर सरळ टाकली तरी एका फेरीला ३९ मिलिसेकंद. एकावन्न फेऱ्यांना दोन सेकंद, आणि तेही क्वेरीचे प्रत्यक्ष काम शून्य धरून. सर्व्हर कितीही महागडा घेतला तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही.

हे दुखणे उशिरा कळण्याचे कारणही यातच आहे. प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर डेटाबेस त्याच मशीनमध्ये असतो आणि चाचणीसाठी भरलेले सभासद असतात पाच. सहा क्वेऱ्या, तेही घरच्या घरी. खरी शाखा जोडली जाते तेव्हा सभासद वाढतात आणि अंतरही वाढते. दोन्हींचा गुणाकार होतो.

सगळे एकाच खेपेत

पहिला उपाय एसक्यूएल शिकलेल्या कोणालाही सुचेल: जॉइन. सभासद आणि हप्ते ही दोन टेबले जोडून एकाच क्वेरीत सगळे आणायचे. ज्यांच्या नावावर एकही हप्ता नाही असे सभासद गळू नयेत म्हणून लेफ्ट जॉइन. जॅंगोमध्ये ‘सिलेक्ट रिलेटेड’, रेल्समध्ये ‘ईगर लोड’, एसक्यूएलअल्केमीत ‘जॉइन्ड लोड’, हायबरनेटमध्ये ‘जॉइन फेच’ ही त्याचीच नावे. फक्त जॅंगोचे ‘सिलेक्ट रिलेटेड’ जिथे पलीकडे एकच नोंद असते अशाच नात्यांपुरते चालते. त्या मर्यादेमागे शहाणपण आहे. का, ते आता बघू.

सभासदाची शाखा एकच असते. सभासदाला शाखा जोडली तर पन्नास ओळींच्या पन्नासच ओळी राहतात, दोन-चार रकाने वाढतात इतकेच. इथे जॉइनला तोड नाही. हप्ते मात्र अनेक असतात. पाच वर्षांच्या कर्जाचे साठ हप्ते धरले तर पन्नास सभासदांच्या तीन हजार ओळी येतात, आणि प्रत्येक ओळीत सभासदाचे नाव, पत्ता, फोन पुन्हा पुन्हा येतो. सभासदाच्या टेबलात सहीच्या नमुन्याचे चित्रही ठेवलेले असेल आणि ते वीस किलोबाइटचे असेल, तर पन्नास सह्यांचा एक मेगाबाइट पुरला असता तिथे साठ मेगाबाइट वायरीवरून येतात. हेलपाटे एकावर आले, पण त्या एका खेपेत एकच सही साठ-साठ वेळा डोक्यावर वाहून आणली.

खरी फजिती दुसरा संग्रह जोडल्यावर होते. यादीत सभासदाच्या ठेवीही दाखवायच्या ठरल्या आणि प्रत्येकाच्या बारा ठेवी आहेत असे धरा. ठेवींचा हप्त्यांशी थेट संबंध काहीच नाही. दोघांचे नाते सभासदाशी. म्हणून एकाच जॉइनमध्ये घातल्यावर डेटाबेस प्रत्येक ठेवीची प्रत्येक हप्त्याशी जोडी लावतो: एका सभासदामागे १२ गुणिले ६० म्हणजे ७२० ओळी. पन्नास सभासदांच्या ३६,०००. मुळात नोंदी होत्या किती? पन्नास सभासद, सहाशे ठेवी, तीन हजार हप्ते, एकूण ३,६५०. जवळपास दहापट ओझे, आणि त्यात नवी माहिती शून्य. याला कार्टेशियन गुणाकार म्हणतात.

ओआरएम साधन या ३६,००० ओळी चाळून, प्रायमरी की ताडून, त्यातून बरोबर ३,६५० ऑब्जेक्ट बनवते. त्यामुळे पडद्यावर आकडे चुकत नाहीत, फक्त वेळ आणि मेमरी जाते. पण एखाद्याने याच जॉइनवर एसक्यूएलमध्येच येणे बाकीची बेरीज केली, तर प्रत्येक हप्ता बारा वेळा मोजला जातो आणि सभासदाच्या नावावर बारापट येणे दिसते. वसुलीची नोटीस तशीच गेली तर पुढचे सांगायला नको.

साधनांनी यातून धडे घेतले. याद्यांसारखे दोन संग्रह एकाच वेळी जॉइन करायला गेलात तर हायबरनेट सरळ ‘मल्टिपल बॅग फेच एक्सेप्शन’ देऊन थांबते. मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअरने २०१९ च्या ३.० आवृत्तीत सगळे संग्रह एकाच क्वेरीत आणायला सुरुवात केली; ओळी फुगल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२० च्या ५.० आवृत्तीत ‘ॲज स्प्लिट क्वेरी’ ही सोय द्यावी लागली. ज्याला हवे त्याने संग्रहागणिक वेगळी क्वेरी करावी.

जॉइनचा आणखी एक फास आहे: पाने पाडणे. ‘पहिले वीस सभासद द्या’ असे म्हणायला क्वेरीला वीसची मर्यादा घातली. पण जॉइननंतर डेटाबेस ओळी मोजतो, सभासद नाही. वीस ओळींत पहिल्या सभासदाचेही साठ हप्ते मावत नाहीत. हायबरनेट हे ओळखते आणि त्यावर तोडगा म्हणून मर्यादाच काढून टाकते. सगळ्या ओळी मेमरीत आणते, तिथे वीस सभासद मोजते आणि लॉगमध्ये एक इशारा लिहून ठेवते. लॉग कोणी वाचत नाही. सभासद वाढले की एके दिवशी सर्व्हरची मेमरी संपते.

यादी देऊन मागणे

दुसरा उपाय जॉइनहून साधा आहे, आणि संग्रहांसाठी बहुतेक वेळा तोच सरस ठरतो. आधी सभासद आणा. त्यांचे पन्नास क्रमांक गोळा करा. मग एकच क्वेरी: ज्यांचा सभासद क्रमांक या यादीत आहे असे सगळे हप्ते द्या. आलेले तीन हजार हप्ते मेमरीत सभासद क्रमांकानुसार वेगळे करून ज्याचे त्याला वाटून टाका. ठेवी हव्या असतील तर त्यांची आणखी एक क्वेरी. एकूण तीन हेलपाटे आणि नेमक्या ३,६५० ओळी. कोणाची सही दोनदा आली नाही. सभासद पन्नासचे दोनशे झाले तरी हेलपाटे तीनच. पाने पाडण्याचा फासही सुटतो, कारण वीसची मर्यादा पहिल्या क्वेरीला लागते आणि तिथे एक ओळ म्हणजे एक सभासद असतो.

जॅंगोने ही सोय ‘प्रीफेच रिलेटेड’ या नावाने २०१२ च्या १.४ आवृत्तीत दिली. रेल्समध्ये ती ‘प्रीलोड’ या नावाने आहे, तर एसक्यूएलअल्केमीने २०१७ च्या अखेरीस १.२ आवृत्तीत ‘सिलेक्ट इन लोड’ आणले. हायबरनेटमध्ये ‘बॅच साइज’ सांगता येते: एका सभासदाच्या हप्त्यांना हात लागला की त्याच्यासोबत हप्त्यांची वाट पाहणाऱ्या आणखी चोवीस जणांचे क्रमांक घेऊन निघायचे. बॅच पंचवीसची असेल तर पन्नास सभासदांना दोन हेलपाटे पुरतात, आणि लूपचा कोड होता तसाच राहतो. मोठ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पहिली मलमपट्टी म्हणून हे फार कामाचे.

यादीलाही मर्यादा असतात. ऑरेकलने वर्षानुवर्षे अशा यादीत एक हजारांपेक्षा जास्त मूल्ये चालू दिली नाहीत. एसक्यूएल सर्व्हर एका क्वेरीत २,१०० पॅरामीटरवर अडतो. पोस्टग्रेसच्या संवादपद्धतीत पॅरामीटरच्या संख्येला सोळा बिट ठेवलेले असल्याने कमाल ६५,५३५. म्हणून एसक्यूएलअल्केमी आपणहून पाचशे-पाचशेचे गट पाडते. दहा हजार सभासदांना वीस हेलपाटे. दहा हजारांच्या तुलनेत सोसण्यासारखे.

एक बारकावा हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये नजरेआड करून चालत नाही. जॉइन ही एकच क्वेरी असल्याने डेटाबेस तिला एकाच क्षणाचे चित्र देतो. दोन वेगळ्या क्वेऱ्यांच्या मधल्या पोकळीत खिडकीवर कोणी हप्ता भरून गेला, तर सभासदाच्या ओळीतली शिल्लक जुनी आणि हप्त्यांची यादी नवी, असे होऊ शकते. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक क्वेरीला ताजे चित्र मिळते, मग त्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये का असेनात. दोन्ही क्वेऱ्या एकाच चित्रावर चालायला हव्या असतील तर ट्रान्झॅक्शन ‘रिपीटेबल रीड’ पातळीवर उघडावे लागते. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत मात्र हीच पातळी मुळात ठरलेली असते.

आणि या सगळ्याच्या तळाशी इंडेक्स. हप्त्यांच्या टेबलात सभासद क्रमांकाच्या रकान्यावर इंडेक्स नसेल तर यादी देऊन मागितले तरी डेटाबेसला अख्खे टेबल चाळावे लागते. इनोडीबी फॉरेन कीवर इंडेक्स आपोआप बनवते. पोस्टग्रेस बनवत नाही. एकीकडून दुसरीकडे जाणारे इथे हमखास ठेचकाळतात.

संग्रह खरोखरच मोठा असतो तेव्हा

आता वसुली अधिकाऱ्याची यादी पुन्हा नीट बघू. तिला हप्ते लागतच नव्हते. थकलेल्या हप्त्यांची संख्या लागत होती. तीन हजार ऑब्जेक्ट बनवून, मोजून, टाकून देण्याऐवजी डेटाबेसलाच सभासदवार मोजायला सांगितले तर पन्नास ओळी येतात: नाव, गाव, आकडा. एक हेलपाटा आणि अगदी हलके ओझे. संग्रह जितका मोठा, तितका हा प्रश्न आधी विचारायला हवा: मला या नोंदी हव्यात, की त्यांच्याबद्दलची एक गोष्ट हवी आहे? बेरीज, संख्या, सर्वात जुनी थकीत तारीख, ‘एक तरी आहे का’ या सगळ्यांची उत्तरे डेटाबेस जागच्या जागी देतो.

कधी नोंदीही हव्या असतात, पण सगळ्या नाहीत. प्रत्येक बचत खात्याचे शेवटचे पाच व्यवहार, एवढेच. नुसती यादी देऊन मागितले तर दहा वर्षांचे सगळे व्यवहार येतील. क्वेरीला पाचची मर्यादा घातली तर सगळ्या खात्यांचे मिळून पाच येतील. इथे एसक्यूएलची विंडो फंक्शन कामी येतात: खात्यागणिक तारखेने उलटे क्रमांक द्या आणि एक ते पाच ठेवा. पोस्टग्रेसमध्ये २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून ‘लॅटरल जॉइन’ही आहे, ज्यात प्रत्येक खात्यासाठी इंडेक्सवरून नेमके पाचच व्यवहार उचलता येतात.

आणि कधी खरोखरच सगळे लागते. ३१ मार्चला व्याज आकारणी करताना ऐंशी हजार खाती आणि त्यांचे वर्षभराचे व्यवहार एकदा तरी हातातून जाणारच. असे काम तुकड्यांनी करतात. एक हजार खाती घ्यायची, त्यांचे व्यवहार यादी देऊन आणायचे, व्याज लिहायचे, मेमरी मोकळी करायची, पुढचे हजार. रेल्सचे ‘फाइंड ईच’ मुळातच हजार-हजारांनी चालते. जॅंगोचे ‘इटरेटर’ मात्र २०२२ च्या ४.१ आवृत्तीपर्यंत प्रीफेचकडे काणाडोळा करत असे. तुकडे पाडले की एन प्लस वन परत येई. आता तुकड्याचा आकार सांगितला की दोन्ही एकत्र चालतात.

पुढचा तुकडा मागण्याचीही रीत आहे. ‘पहिली सत्तर हजार सोडून पुढची हजार द्या’ म्हटले तर डेटाबेस ती सत्तर हजार मोजून काढतो आणि टाकून देतो. तुकडा जितका पुढचा तितका तो महाग. ‘ज्यांचा क्रमांक ७०,४१२ पेक्षा मोठा आहे अशी पहिली हजार द्या’ म्हटले तर इंडेक्स थेट तिथे नेऊन सोडतो, आणि शेवटचा तुकडाही पहिल्याइतकाच स्वस्त पडतो.

‘मेमरी मोकळी करायची’ हे सांगायला सोपे. ओआरएम आपल्या सेशनमध्ये आणलेला प्रत्येक ऑब्जेक्ट लक्षात ठेवते. कारण तोच सभासद दुसऱ्या वाटेने आला तर त्याचे दोन ऑब्जेक्ट होऊ नयेत, आणि बदल झाला तर तो लिहिता यावा. हजारांच्या तुकड्यांनी आणले, पण सेशन रिकामे केले नाही, तर शेवटी ऐंशी हजार खाती सगळ्या व्यवहारांसकट मेमरीत बसलेली असतात. तुकडे पाडून उपयोग शून्य. नुसते वाचायचे असेल तर ऑब्जेक्ट बनवूच नयेत; लागतील तेवढे रकाने साध्या ओळींच्या रूपात घ्यावेत.

खालच्या थरातही एक छुपा नळ आहे: ड्रायव्हर. ऑरेकलचा जावा ड्रायव्हर काहीच न सांगितल्यास एका वेळी दहा ओळी आणतो. तीन हजार ओळींची ‘एक’ क्वेरी म्हणजे नेटवर्कवर तीनशे फेऱ्या. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर याच्या दुसऱ्या टोकाला: काहीच न सांगितल्यास सगळा निकाल एका दमात मेमरीत भरतो, मग ओळी दहा असोत की एक कोटी. एकात हेलपाटे, दुसऱ्यात ओझे; आणि दोन्हीकडे सेटिंग बदलून तोल सावरता येतो.

आधी कोणी सांगायचे?

आतापर्यंतचे सगळे उपाय एकाच गोष्टीवर उभे आहेत. पुढे काय लागणार आहे हे साधनाला कळू शकत नाही. ते पान लिहिणाऱ्याला माहीत असते. जॉइन, प्रीफेच, बॅच, तुकडे या ते आधी सांगण्याच्या वेगवेगळ्या भाषा आहेत.

हे कुठे सांगावे याबद्दल जावाच्या जगाने एक जुना घोळ घालून ठेवला आहे. २००६ मध्ये आलेल्या जेपीए या मानकानुसार पलीकडे अनेक नोंदी असतील तर ते नाते मुळात लेझी, आणि पलीकडे एकच असेल तर ईगर, म्हणजे दर वेळी सोबत आणायचेच. हा निर्णय क्लासवर लिहिलेला असतो, त्यामुळे तो सगळ्या प्रोग्रॅमला लागू होतो. वसुलीच्या यादीला शाखा हवी, सभासद-ओळखपत्राला सही हवी, वार्षिक सभेच्या नोटिशीला फक्त पत्ता हवा. एका क्लासवर लिहिलेला एक निर्णय या तिघांनाही कसा मानवणार? म्हणून जाणते लोक क्लासवर सगळे लेझी ठेवतात आणि त्या-त्या पानाच्या क्वेरीत काय सोबत आणायचे ते लिहितात.

कधी पान लिहिणाऱ्यालाही माहीत नसते. ग्राफक्यूएलमध्ये काय हवे ते मोबाइल ॲप ठरवते आणि सर्व्हरवर प्रत्येक रकान्याचा कोड वेगवेगळा चालतो. त्यासाठी फेसबुकने ‘डेटालोडर’ ही युक्ती खुली केली. कोणी सभासद मागितला की लगेच निघायचे नाही. त्या एका क्षणात आणखी कोण काय मागते ते गोळा करायचे, आणि सगळ्यांची एकच यादी घेऊन जायचे. आधी सांगता आले नाही, निदान थोडे थांबता तरी आले.

याउलट जिथे हेलपाटाच नाही तिथे ही सारी धडपड वाया जाते. एसक्यूलाइट प्रोग्रॅमच्याच पोटात चालते. क्वेरी म्हणजे एक साधा फंक्शन कॉल. त्याच्या निर्मात्यांनी उघडपणे लिहून ठेवले आहे की त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे एकेक पान तयार करायला दोनशेच्या आसपास क्वेऱ्या होतात आणि ते चटकन उघडते. क्वेऱ्यांची संख्या हा स्वतःत गुन्हा नाही. पैसे पडतात ते ये-जा करण्याचे.

राहिला प्रश्न पहाऱ्याचा. लॉग वाचण्याची शिस्त फार दिवस टिकत नाही, म्हणून साधनांनाच कामाला लावावे. रेल्ससाठी ‘बुलेट’ नावाचे जोडसाधन लूपमधल्या क्वेऱ्या हेरून ओरडते. रेल्स ६.१ मधले ‘स्ट्रिक्ट लोडिंग’ आणि एसक्यूएलअल्केमीतले ‘रेज लोड’ त्याहून कडक आहेत: आधी न सांगता टिंब दिले तर हेलपाटा मारण्याऐवजी चूकच दाखवतात. जॅंगोमध्ये चाचणीतच लिहिता येते की या पानाला बरोबर तीन क्वेऱ्या लागल्या पाहिजेत.

ही शेवटची सवय सर्वात स्वस्त आहे. सहा महिन्यांनी कोणी नवा प्रोग्रॅमर वसुलीच्या यादीत जामीनदाराच्या नावाचा रकाना वाढवतो. एक टिंब, एक शब्द. पडद्यावर नाव झळकते, त्याच्या लॅपटॉपवर पान पटकन उघडते. चाचणी मात्र लाल होते: तीन अपेक्षित, झाल्या त्रेपन्न. तो क्वेरीत ‘जामीनदारही सोबत आणा’ अशी एक ओळ घालतो, चाचणी चौथ्या क्वेरीवर थांबते आणि तो आकडा तीनचा चार करतो. आकडा बदलताना त्याला एका नजरेत कळते की या रकान्याची किंमत एक हेलपाटा आहे, आणि तो मारायचा की नाही हे त्याने स्वतः ठरवले आहे.